कर्नलची कुरकुर

लिनक्सच्या मशीनवर ‘डीमेसेज’ ही कमांड दिली की कर्नल बूट झाल्यापासूनचं सगळं भडाभडा सांगू लागतो. घड्याळाशी त्याला देणंघेणं नसतं. मशीन उठून किती सेकंद झाले, तेवढं प्रत्येक ओळीआधी लिहितो. साधा पेनड्राइव्ह खुपसून बघा. नवं यूएसबी उपकरण आलं, अमक्या कंपनीचं, एवढ्या जीबीचं, कॅशिंगची माहिती सापडत नाही, राइट-थ्रू आहे असं धरून चालतो! लग्नघरातल्या आत्याबाई अशाच: उत्तर मिळालं नाही की ‘मी हो समजते’ म्हणून पुढच्या कामाला लागतात.

प्रामाणिकपणाही दांडगा. हार्डवेअरकडून अनोळखी एनएमआय (डावलता न येणारा इशारा) आला, तर आपण चक्रावलोय, गोंधळलोय, तरी काम रेटतोय, असं सरळ नोंदवतो. प्रिंटरच्या जुन्या ड्रायव्हरने तर कागद संपलेला नाही, प्रिंटर ऑफलाइनही नाही, तरी तक्रार आहे म्हटल्यावर प्रिंटरला आग लागल्याचंच ठोकून दिलं होतं.

एवढी बडबड ऐकून काहींचे हात साफसफाईला शिवशिवतात. डीमेसेजला लहान ‘सी’ लावला तर कर्नलचं म्हणणं एकदा दाखवून पुसलं जातं. मोठा ‘सी’ लावला तर न वाचताच. मोठ्या ‘सी’वर भारी जीव असलेले लोक मी पाहिलेत. गंमत अशी की पुसलं असं फक्त वाटतं. कर्नल एक खूण करून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या खुणेनंतरचं दाखवतो. जुना मजकूर बफरमध्ये तसाच असतो. जागेसाठी ही खटपट करत असाल तर तीही फुकट, कारण हा रिंग बफर ठरावीक मापाचा. भरला की सर्वांत जुन्या ओळी आपोआप जातात.

डिस्क खातो तो जर्नलडी, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी ठेवणारा कारकून. वेगळं काही सांगितलं नाही तर फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत, पण ४ जीबीच्या आत, नोंदी साठवतो. त्याच्यासाठी ‘जर्नलसीटीएल’चा व्हॅक्यूम आहे, तो खुशाल चालवा.

डीमेसेज पुसायचं एकच रास्त निमित्त मला पटतं: नवं उपकरण लावण्याआधी पाटी कोरी हवी, म्हणजे त्याचं बोलणं वेगळं कळतं. तेव्हाही लहान ‘सी’च वापरा. आणि आधीच्या ओळींत डिस्कच्या नावापुढे आय-ओ एरर दिसली, तर पुसापुशी राहू द्या, आधी बॅकअप घ्या.