किती सीसी?

चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार हे निवडून द्यावे लागतात. सीसीकाका मात्र प्रत्येक सोसायटीला आपोआप मिळतात. आमचे काका कोथरूडचे. रविवारी सकाळी आठाला बनियनवर, खांद्यावर पिवळं फडकं टाकून ते पार्किंगमध्ये उतरतात. स्वतःची गाडी हाताने पुसतात, दुसऱ्यांच्या गाड्यांवरून नुसती नजर फिरवतात.

कुणाकडे नवी गाडी आली की पेढा घेताना त्यांचा एकच प्रश्न असतो, "किती सीसी?" रंग, किंमत, हप्ता यांत त्यांना रस नाही. उत्तर "पंधराशे" आलं तर दुसरा पेढा उचलतात. "बाराशे" आलं तर "चालेल" म्हणतात. "हजार, पण टर्बो आहे" असं कुणी म्हणालं, की काका पेढा इतका सावकाश चावतात की समोरच्याला आपण सुतकात पेढे वाटतोय की काय, अशी शंका यावी.

"हजार सीसी म्हणजे एक लिटर," ते समजावतात. "म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या. दोन पिशव्यांवर पाच माणसं, डिकीत बॅगा आणि वर एसी! आमच्या हिचं पातेलं याहून मोठं आहे."

"आणि हजार तरी कुठे?" हा पुढचा मुद्दा. "९९८! दोन सीसी मधल्या मधे गायब. दूधवाल्याने असं केलं असतं तर?" काकांची स्वतःची सेडान १४९८ सीसीची आहे, हे कुणी काढत नाही. पार्किंगमध्ये काही सभ्यता अजून शिल्लक आहे.

तिसरा मुद्दा सिलिंडरांचा. "तीन तिघाडा, काम बिघाडा!" मारुती ८०० ला तीनच सिलिंडर होते आणि सीसी फक्त ७९६. पुण्यातली अर्धी मध्यमवर्गीय कुटुंबं त्याच इंजिनावर लोणावळ्याला जाऊन आली. पण काकांचं म्हणणं, "तेव्हाची माणसं बारीक होती."

टर्बोसाठी त्यांचा ठेवणीतला शब्द आहे, उसनं अवसान. स्वतःच्या छातीत हवा ओढून चालतं ते खानदानी इंजिन, आणि बाहेरून हवा कोंबून घ्यावी लागते ते सलाइनवरचं. कंपन्या अशी इंजिनं का बनवतात? काकांच्या मते ही सीसीचोरी आहे. खरं कारण बरंचसं सरकारी आहे. आपल्याकडे गाडी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसींच्या आत बसलं की कर कमी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून तर एका बाजूला १८ टक्के जीएसटी आणि दुसऱ्या बाजूला ४० टक्के. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि लहान गाड्यांतली डिझेल इंजिनं परवडेनाशी झाली. मग डिझेलचा जोर पेट्रोलमध्ये आणायचा, तोही बाराशेच्या आत, तर टर्बोखेरीज दुसरा सोपा रस्ता नव्हता. मी हे एकदा काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "म्हणजे सरकारही सामील आहे."

त्यांच्याच घरात हा प्रकार शिरला तो सूनबाईंमुळे. त्या चाकणला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. एका शनिवारी त्यांनी स्वतःच्या पगारातून टर्बोची गाडी आणून उभी केली. ९९८ सीसी. काकांनी नारळ फोडला, पण बॉनेटकडे पाठ करून.

पुढच्या महिन्यात महाबळेश्वरला जायचं ठरलं. मला सोबत का नेलं ते नंतर कळलं. काकांना साक्षीदार हवा होता.

खंबाटकीपर्यंत काका गप्प होते. गप्प म्हणजे, "आवाज ऐकलास?" एवढंच दर दोन किलोमीटरला. वाई सोडून पसरणीचा घाट सुरू झाला तसा त्यांचा हात आपसूक पुढे गेला आणि एसी बंद झाला. चढाला एसी बंद करणं हा त्यांचा संस्कार. गाडीला ओढ बसते म्हणे. सूनबाईंनी काही न बोलता तो पुन्हा सुरू केला. पुढे एक टेम्पो रांगत होता. वळण संपून मोकळा रस्ता दिसताच सूनबाईंनी पाय दाबला, पाठ सीटला टेकली आणि टेम्पो मागे गेला. गिअरही बदलला नव्हता.

"इथे थोडा उतार आहे," काका म्हणाले.

"घाटात?" काकू.

"फसवा चढ असतो तसा फसवा उतारही असतो."

मग सूनबाई बोलल्या, चढत्या गाडीत, समोर बघत. "बाबा, सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट जातो ना, त्याच्यावर टर्बोचं एक चाक फिरतं. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते इंजिनात हवा दाबून भरतं. हवा जास्त तर पेट्रोल जास्त जाळता येतं. तुमच्या गाडीचा टॉर्क १४५, तोही ४३०० फेऱ्यांना. हिचा १७२, आणि तो १५०० पासूनच मिळतो. शिवाय वर हवा विरळ. हजार मीटर चढलं की साध्या इंजिनाचा दहावा हिस्सा जोर जातो. ही ते बरंचसं भरून काढते."

"म्हणजे स्वतःच्या उच्छ्वासावर चालते," काका पुटपुटले.

"तुमच्या घोरण्यावर पिठाची गिरणी चालली असती," काकू म्हणाल्या. "कुणी जोडलीच नाही."

एक सांगायला हवं, काकांचं सगळंच चुकत नाही. ही इंजिनं पायाने समजून घ्यावी लागतात. जोर मागत राहिलं की ती देतात, पण पेट्रोलचा हिशोबही मांडतात; कागदावरचा ॲव्हरेज मग कागदावरच राहतो. टर्बो बिघडला तर खर्च मोठा. आणि टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन ज्या लोण्यासारख्या चालीने वर चढत जातं, ते सुख तीन सिलिंडरांत नाही. हे मी काकांना मुद्दाम सांगितलेलं नाही. त्यांना एकच दुजोरा वर्षभर पुरतो.

पण घाटात त्यांनी स्वतःच घात करून घेतला. "आमची जुनी डिझेल आठवते का?" ते म्हणाले. "१२४८ सीसी. बारा वर्षं वापरली. खालून जरा दम घ्यायची, पण दोन हजारावर गेली की कशी झेपावायची! मागून कुणीतरी ढकलल्यासारखी. ते इंजिन!"

सूनबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर कृष्णेचं खोरं पाहू लागलो.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "ते ढकलणारं कुणीतरी म्हणजे टर्बोच."

पाचगणी येईपर्यंत कुणी बोललं नाही. टेबललँडचा फाटा गेल्यावर काका म्हणाले, "डिझेलचा टर्बो वेगळा. तो घरचा असतो."

रात्री हॉटेलवर सगळे झोपल्यावर त्यांच्या खोलीत दिवा चालू होता. सकाळी कळलं, ते गाडीच्या खणातलं पुस्तक घेऊन बसले होते.

परतीच्या वाटेवर वाईत नाश्त्याला थांबायचं होतं. गाडी थांबली, सूनबाईंचा हात बटणाकडे गेला, तो काकांनी वरच्या वर धरला.

"बंद करायची नाही. टर्बो तापलेला असतो. तेल फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर आत जळून चिकटतं. अर्धा मिनिट निवू दे त्याला."

"बाबा, आत्ता आपण उतारावरूनच आलो."

"फसवा उतार होता," काका घड्याळाकडे बघत म्हणाले. "कुणी हलायचं नाही."

काकूंनी दार उघडलं आणि पदर सावरत खाली उतरल्या. "तुम्ही बसा त्याला वारा घालत. मला महाबळेश्वरपासून जायचंय."