विद्यापीठाची वकिलात

विद्यापीठाचे म्हणणे केंद्र सरकारच्या कानावर घालणे, सरकारचे म्हणणे विद्यापीठाला समजेल अशा भाषेत उलगडून सांगणे आणि मधल्या काळात बाकावर बसून राहणे, या तीन कामांना मिळून केंद्र-संपर्क म्हणतात. अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांकडे या कामासाठी स्वतंत्र कचेरी असते आणि 1995 च्या लॉबिंगविषयक कायद्याप्रमाणे कोणत्या विषयावर कोणाचे दार ठोठावले, त्यावर किती खर्च झाला, याचा हिशेब जाहीर करावा लागतो. भारतात असा कायदा नाही, म्हणून लॉबिंगही नाही. जे आहे त्याला ‘साहेबांना भेटून येणे’ असे म्हणतात.

सुरतेत हे काम करणाऱ्यांच्या दारावर निरनिराळ्या पाट्या दिसतात. कुठे विशेष कार्य अधिकारी, कुठे उपकुलसचिव, कुठे विकास कक्षाचे समन्वयक. कुठे पाटीच नसते. असतो तो एक प्राध्यापक, ज्याचे हिंदी बरे आहे हे एका बेसावध क्षणी वरिष्ठांच्या लक्षात आलेले असते. मराठीत मात्र या पदाला जुना आणि नेमका शब्द आहे: वकील. कोर्टाची पायरी चढण्याआधी हा शब्द दरबाराची पायरी चढत होता. बाळाजी विश्वनाथ 1719 मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. पुढे मराठ्यांची दिल्लीतली वकिली नाशिकच्या हिंगणे घराण्याकडे राहिली. महादेवभट हिंगण्यांपासून पुढच्या पिढ्यांनी पुण्याला लिहिलेली पत्रे ‘हिंगणे दप्तर’ म्हणून छापली गेली आहेत. दरबारात कोण चढले, कोण उतरले, कोणाचा शब्द चालतो आणि कोणाचा नुसता ऐकला जातो, हाच अशा पत्रांचा विषय. आजचा संपर्क अधिकारी हेच रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर कळवतो: “जॉइंट सेक्रेटरी बदलले. फाइल पुन्हा खालून सुरू.”

सुरतेची परंपरा हिंगण्यांहूनही जुनी आहे. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज 1608 मध्ये सुरतेला उतरला आणि व्यापाराचा परवाना मागायला आग्र्याला गेला. जहांगीर बादशहाशी तो तुर्की भाषेत बोलला. बादशहा खूश झाला, त्याला मनसब दिली, त्याचे लग्नही लागले. 1611 मध्ये हॉकिन्स आग्र्याहून निघाला तेव्हा त्याच्याकडे मनसब होती, बायको होती, टिकाऊ परवाना तेवढा नव्हता. केंद्र-संपर्काच्या अभ्यासक्रमात हा पहिला धडा ठेवायला हरकत नाही: साहेबांनी बसवून घेतले, चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली, याचा अर्थ फाइल हलली असा होत नाही.

दुसरा धडा सर टॉमस रो यांचा. ते 1615 मध्ये सुरतेला आले, तेच राजाचे वकील म्हणून. सामानाची झडती घेण्यावरून सुरतेच्या अधिकाऱ्यांशी त्यांचा पहिल्याच पावलाला खटका उडाला. इंग्लंडहून आणलेली घोडागाडी त्यांनी बादशहाला नजर केली. बादशहाने तिच्यातले मखमल काढून त्या जागी भारी कापड लावून घेतले. आज विद्यापीठाच्या प्रस्तावाचेही असेच होते. सांगाडा ठेवतात, अस्तर बदलतात आणि नाव योजनेचे देतात. तीन वर्षे दरबारामागे फिरून रो साहेबांच्या हाती काही सवलती पडल्या, हवा होता तो तह मिळालाच नाही. मराठी वाचकाला सुरत म्हटली की निधी उभारण्याची वेगळीच पद्धत आठवेल. 1664 च्या त्या पद्धतीला परिशिष्ट जोडावे लागत नसे. आता ती मान्यताप्राप्त नाही.

आता भूगोल. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. म्हणजे दोन सासवा झाल्या. सुरतेत दोन्ही प्रकारच्या सुना पाहायला मिळतात. इच्छानाथ भागातले सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान 1961 मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाले आणि 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले. त्याचे सासर थेट दिल्लीत. उधना-मगदल्ला रस्त्यावरचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ मात्र 1965 च्या राज्याच्या कायद्यातून जन्माला आले. कवी नर्मदांचे नाव त्याला 2004 मध्ये मिळाले आणि 2023 च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्याचा कारभार नव्याने आखला गेला. राज्य विद्यापीठाला केंद्राचा पैसा हवा असेल तर आधी गांधीनगर. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘रुसा’ योजनेच्या जागी आलेल्या ‘पीएम-उषा’त गुजरातसारख्या राज्यांसाठी वाटा साठ-चाळीस असा ठरला. साठ केंद्राचे, चाळीस राज्याचे, आणि कागदपत्रे शंभर टक्के विद्यापीठाची.

या दोन टोकांमध्ये अधिकाऱ्याची भाषा बदलते, मजकूर नाही. गांधीनगरला ‘साहेब मीटिंगमां छे’, दिल्लीला ‘साहब मीटिंग में हैं’. सुरतेत परतल्यावर घरून फोन येतो तेव्हा तो स्वतः ‘साहेबांसोबत मीटिंगमध्ये आहे’ असे मराठीत सांगतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळाही चालतात. त्यामुळे असा एखादा अधिकारी अहिराणीत चिडतो, मराठीत विचार करतो, गुजरातीत बोलतो, हिंदीत विनंती करतो आणि परिशिष्ट इंग्रजीत जोडतो.

निवेदन द्यायचे तर खासदार कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सुरतेतले लिंबायत, उधना आणि मजुरा हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला नवसारीत मोडतात. म्हणजे पत्ता सुरतेचा, खासदार नवसारीचा. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, हा खानदेशी अधिकाऱ्याला मोठा आधार वाटतो. गाव विचारण्याइतका तरी विषय निघतो. खुद्द सुरत मतदारसंघात 2024 मध्ये निवडणूक बिनविरोध झाली. ‘तुम्ही मते मागायला आला होतात तेव्हा’ हे निवेदनातले हक्काचे वाक्य त्या बाजूच्या रहिवाशांना वापरता येत नाही.

संध्याकाळी सुरतेहून राजधानी पकडली की सकाळी दिल्ली येते. सोबत काय न्यायचे यावर विद्यापीठात प्रस्तावापेक्षा जास्त खल होतो. लोचो नेता येत नाही; तो बडोद्यापर्यंतच दुसरा पदार्थ होतो. घारी चंदी पडव्याच्या सुमारास शोभते, पण तिच्यावरचे तूप पाहून आरोग्याबद्दल जागरूक असलेला उपसचिव दचकतो. राहिली नानखटाई. येथे 1964 चे केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम आडवे येतात. तेराव्या नियमानुसार सहज घडलेले जेवण किंवा गाडीतून सोडणे भेट ठरत नाही, परंतु ज्याच्याशी सरकारी काम आहे त्याचा सढळ पाहुणचार टाळावा असेही तोच नियम सांगतो. नानखटाई सहज की सढळ, हे डब्याच्या आकारावर अवलंबून असावे. बहुधा डबा बॅगेतून बाहेरच येत नाही आणि रात्री करोलबागेतल्या खोलीवर अधिकारी तो एकटाच संपवतो. प्रवासभत्त्याच्या बिलात तो धरता येत नाही.

शिक्षण मंत्रालय म्हणजे वर्षानुवर्षे शास्त्री भवन आणि विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे बहादूरशाह जफर मार्ग. शेवटच्या बादशहाच्या नावाच्या रस्त्यावर अनुदान मागायला जावे लागते, ही योजना करणाऱ्याला इतिहासाची जाण असली पाहिजे. आयोगाच्या 1956 च्या कायद्यातली दोन कलमे अधिकाऱ्याला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ असतात. 2(एफ) म्हणजे तुम्ही विद्यापीठ आहात. 12(बी) म्हणजे तुम्हाला पैसे देता येतील. पहिले असून दुसरे नसणे ही अवस्था पत्रिका जुळून हुंड्यावर अडलेल्या लग्नासारखी असते. हे दुसरे कलम 1972 मध्ये आले. त्याआधीची विद्यापीठे हे वय सांगताना किंचित ताठ बसतात.

धोरणावर मत देणे हा कामाचा बौद्धिक भाग. सरकार मसुदा प्रसिद्ध करते आणि सूचना मागवते. उच्च शिक्षण आयोगाचा मसुदा 27 जून 2018 ला आला. सूचनांसाठी मुदत 7 जुलैपर्यंत होती, नंतर ती 20 जुलै झाली. साठ वर्षांहून जुना अनुदान आयोग बरखास्त करण्यावर विचार करायला प्रथम दहा दिवस होते, आणि जूनअखेर म्हणजे प्रवेशांची धामधूम. शैक्षणिक धोरणाच्या 2019 च्या मसुद्यावर दोन लाखांहून अधिक सूचना गेल्या. अध्यापक आणि कुलगुरूंच्या नेमणुकांविषयीचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये आला आणि त्याचीही मुदत वाढली. अनुभवी अधिकारी पहिल्या मुदतीकडे पाहतच नाही. तो मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहतो, वाढीव मुदतीच्या आदल्या दिवशी समिती नेमतो, आणि समितीचे मत ‘मसुदा स्वागतार्ह असून काही बाबींचा फेरविचार व्हावा’ असे स्वतःच लिहून ठेवतो. कोणत्या बाबी, हे सदस्य चहाच्या वेळी ठरवतात.

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की उलटा प्रवाह वाहतो. लोकसभेत एका दिवसासाठी 20 तारांकित आणि 230 पर्यंत अतारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांतला एखादा ‘गेल्या पाच वर्षांत वसतिगृहांतील स्वच्छतागृहांची वर्षनिहाय संख्या’ असा असतो. खासदाराने तो पुरेसा आधी दिलेला असतो. पण मंत्रालय, आयोग, गांधीनगर अशी तीर्थयात्रा करून तो सुरतेला पोहोचतो तेव्हा वर लाल अक्षरांत ‘अत्यंत तातडीचे, आज दुपारी दोनपर्यंत’ असे असते आणि घड्याळात पावणेदोन वाजलेले असतात. स्वच्छतागृहे मोजण्यापेक्षा मागच्या वर्षीचा आकडा शोधणे सोपे जाते. तोही न सापडल्यास ‘माहिती संकलित केली जात आहे’ हे वाक्य आहे. ते कोणत्याही भाषेत तितकेच भारदस्त वाटते.

पैसे येतात तेव्हा मार्च असतो. मग 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला 12-ए नमुना, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, भरावे लागते. आधीचा हप्ता खर्च झाल्याचा हा दाखला दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. खर्च करायचा तर यंत्र हवे, यंत्रासाठी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरची निविदा हवी, निविदेला लागतात आठवडे, आणि यंत्राची निम्मी किंमत पुढच्या हप्त्यात. सुरतेच्या कापडबाजारात उधारीवर लाखोंचा माल तोंडी शब्दावर हलतो. त्या बाजारातला एखादा व्यापारी विद्यापीठाच्या समितीवर असला तर हा नमुना त्याला समजावून सांगण्यात एक अख्खी बैठक जाते. शेवटी तो विचारतो, “पण पैसे आपलेच ना?” या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नाही.

प्रकल्प संपल्यावर एक बाब उरते. अनुदान बँकेत पडून असताना मिळालेले व्याज भारताच्या संचित निधीचे असते. ते भारतकोश पोर्टलवरून परत भरायचे. समजा, ते चारशे बारा रुपये आहे. अधिकारी ते भरतो, पावती छापतो, तिच्या तीन प्रती काढतो. पावती टपालाने पाठवता येते, पण टपालाने गेलेली मागच्या खेपेला ‘मिळाली नाही’. म्हणून तो ती हाताने नेऊन देतो, पोचेवर शिक्का घेतो आणि राजधानीने परततो. तिकिटाचा खर्च प्रकल्पात धरता येत नाही, कारण प्रकल्प बंद झालेला असतो. तो संकीर्ण खर्चात जातो.