गोडबोल्यांची गोकुळअष्टमी

गोकुळअष्टमीच्या रात्री आमच्या दुर्गाघाटावरच्या घरात पाळणा बांधून झाला होता, सुंठवडा कुटून झाला होता आणि जन्माला अजून साडेतीन तास होते. गंगा चढलेली. घाटाच्या पायऱ्या कधीच पाण्याखाली गेल्या होत्या, गल्लीत ओल्या मातीचा वास होता. आत्या म्हणाली, "बारापर्यंत जागायचंच आहे ना? मग गोडबोल्यांना लावा."

गोडबोले म्हणजे ‘अ पॅसेज टू इंडिया’. डेव्हिड लीनचा १९८४ सालचा, शेवटचा चित्रपट. आमच्या घरात त्या डिस्कचं नावच ‘गोडबोले’ पडलं आहे. ई. एम. फॉर्स्टरच्या १९२४ सालच्या कादंबरीत प्रोफेसर नारायण गोडबोले नावाचा दख्खनी ब्राह्मण आहे. गंगेकाठच्या चंद्रपोर गावात तो शिकवतो. जगभर वाचल्या गेलेल्या इंग्रजी कादंबरीत आपला माणूस बसला आहे, आणि मराठीत त्याच्याविषयी कुणी चार वाक्यं बोलताना मला क्वचितच भेटतं. लीनने तर त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी बघायची पद्धत सांगते. टीव्हीसमोर आत्या, तिच्या मांडीवर मूळ पुस्तक, रिमोट माझ्या हातात. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं चालू, कारण जुन्या ध्वनिमुद्रणात निम्मे शब्द कानावरून निसटतात. आत्याने तीस वर्षं काशीत मुलींना इंग्रजी शिकवलं. ती ‘थांब’ म्हणाली की मी थांबवते. ती पान शोधते, दोन ओळी मनात वाचते आणि मग म्हणते, ‘हं, चल.’ पावणेतीन तासांचा चित्रपट असा साडेतीन तास चालतो. साहित्यावरचा चित्रपट बघायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. थिएटरात बसून कादंबरी आणि चित्रपट यांच्यामधली फट दिसत नाही. घरी ती बोट ठेवून दाखवता येते.

तर गोडबोले पडद्यावर आले आणि आत्या म्हणाली, "थांब."

पडद्यावर ॲलेक गिनेस. डोक्याला पागोटं, चेहऱ्याला तपकिरी रंग. मांडीवरच्या पुस्तकात मात्र फॉर्स्टरने गोडबोल्यांचं वर्णन स्वच्छ केलेलं आहे: वय झालेलं, पिकलेली मिशी, निळसर करडे डोळे आणि युरोपियन माणसासारखा गोरा वर्ण. म्हणजे घारे डोळे! हा माणूस फॉर्स्टरने नीट पाहिला होता. माझ्या मुलीने आत्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे पाहिलं. आत्याचे डोळे तसेच आहेत. ज्या गोडबोल्यांना लेखकाने गोरं लिहिलं, त्यांना साकारायला गोरा नट घेतला आणि त्याला काळं रंगवून पडद्यावर उभं केलं. हिंदी माणूस कसा दिसतो हे आधीच ठरलेलं असलं की समोरचं पान वाचायची गरज उरत नाही, त्याचा हा नमुना.

नट मिळत नव्हता, हे कारण चालणार नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९८२ साली, रिचर्ड ॲटनबरोच्या ‘गांधी’त डॉ. श्रीराम लागूंनी गोपाळ कृष्ण गोखल्यांची भूमिका केली होती. तोही ब्रिटिश चित्रपट, आणि तोही इंग्रजी बोलणारा दख्खनी ब्राह्मण. ‘नटसम्राट’चा पहिला बेलवलकर मुंबईत बसलेला होता. लीनच्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी आहेत, सईद जाफरी आहेत, बॅरिस्टर अमृतरावांच्या भूमिकेत रोशन सेठ आहेत. फक्त गोडबोल्यांच्या वाट्याला रंग आला. गिनेस थोर नट होता. लीनबरोबर त्याने सहा चित्रपट केले. या सहाव्यात त्याची चित्रित झालेली दृश्यं संकलनात गेली आणि तोही दुखावला. ते संकलन लीनने स्वतः केलं होतं. कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती.

पण रंग ही किरकोळ तक्रार आहे. खरा घाव पुढे आहे.

कादंबरीचे तीन भाग: मशीद, गुहा, मंदिर. तिसऱ्या भागात गोडबोले चंद्रपोर सोडून मऊ नावाच्या संस्थानात शिक्षणमंत्री झालेले आहेत आणि राजवाड्यात गोकुळअष्टमी चालू आहे. गोडबोले गायकांबरोबर उभे राहून गातात, चष्मा फुलांच्या हारात अडकतो, आणि त्या गजरात नाव घुमतं ते तुकारामाचं. आमच्या तुकोबांचं! मध्यरात्री कृष्ण जन्मतो. सगळ्या कादंबरीत इंग्रज आणि हिंदी माणसं एकमेकांपर्यंत पोचायची धडपड करून थकलेली आहेत. त्या रात्री गोडबोल्यांच्या मनात, गाता गाता, मिसेस मूर ही परकी म्हातारी इंग्रज बाई आणि कधीतरी पाहिलेली एक गांधीलमाशी येते, आणि ते दोघींना सारख्याच प्रेमाने देवापुढे नेतात. एवढा वेळ गूढ आणि थोडे विक्षिप्त वाटणारे गोडबोले काय करत होते, ते तिथे कळतं.

फॉर्स्टरने हे कल्पनेतून रचलं नाही. १९२१ साली तो देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे, तुकोजीराव पवारांकडे, खासगी चिटणीस होता. हे तुकोजीराव म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे जावई. त्या राजवाड्यातली गोकुळअष्टमी फॉर्स्टरने जागून पाहिली आणि पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात देवासचे ते दिवस छापले. १९१३च्या सुमाराला सुरू केलेली आणि अडून पडलेली त्याची कादंबरी या मुक्कामानंतर पुरी झाली. ज्या देवासला १९४८ पासून कुमार गंधर्वांनी घर केलं, तेच हे देवास. म्हणजे इंग्रजीतल्या विसाव्या शतकातल्या एका मोठ्या कादंबरीचा शेवट मराठी दरबारात, तुकोबांच्या नावावर उभा आहे. हे आपल्या शाळांत शिकवलं गेलं पाहिजे. मला कुणी शिकवलं नाही. आत्याने या डिस्कसमोर बसवून शिकवलं.

लीनने काय केलं? मऊ काढलं. गोकुळअष्टमी काढली. तुकोबा काढले. कादंबरीच्या नायकाला, डॉ. आझीझला, त्याने श्रीनगरला नेलं आणि शेवट बर्फाच्या डोंगरांपुढे केला. डोंगर सुंदर आहेत, मॉरिस झारचं संगीत सुंदर आहे (त्याला ऑस्कर मिळालं), आणि पेगी ॲशक्रॉफ्टने म्हातारी मिसेस मूर अशी उभी केली आहे की तिचं ऑस्कर कुणालाही पटावं. पण ती मिसेस मूर जिथे पोचायची होती तो देव्हाराच चित्रपटात नाही. गोडबोले उरतात ते कोड्यात बोलणारा एक बाजूचा माणूस म्हणून.

दुर्गाघाटावर राहणाऱ्याला हे जास्त लागतं. गंगेकाठच्या गावातला दख्खनी ब्राह्मण हा आमच्यासाठी नवलाईचा प्राणी नाही. हा घाट अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधला. शेजारच्या पंचगंगा घाटावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेलं बिंदुमाधवाचं मंदिर आहे, अहिल्याबाईंची हजार दिव्यांची दगडी दीपमाळ आहे. अमृतराव पेशव्यांची अखेरची वर्षं काशी आणि कर्वी इथे गेली. अडीचशे वर्षं आम्ही इथे मराठीत भांडतो, मराठीत कीर्तन करतो आणि गल्लीत उतरलो की बनारसी बोलतो. गोडबोले आमच्याच गल्लीतले आहेत. त्यांना देवाशिवाय दाखवणं म्हणजे आमच्या घराचा फक्त जिना दाखवणं.

आणि याच नदीवर, याच काशीच्या घाटांवर १९५६चा ‘अपराजितो’ चित्रित करणाऱ्या सत्यजित राय यांना ही कादंबरी करायची होती. फॉर्स्टरने परवानगी दिली नाही. ही गोष्ट आठवली की मला अजून हळहळ वाटते.

लीनवर माझा राग आहे असं कुणी समजू नये. आमच्या डिस्कच्या पेटीत त्याचा १९४६चा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आहे आणि तो मी वर्षातून दोनदा बघते. पहिली पाच मिनिटं बघा: दलदलीच्या कडेने धावणारा पोरगा, करकरणारी झाडं, स्मशान, आणि एकाएकी त्याला पकडणारा कैदी. गाय ग्रीनला त्या छायाचित्रणाबद्दल ऑस्कर मिळालं. डिकन्सच्या त्या जाड कादंबरीतून लीनने पुष्कळ कापलं. ऑर्लिक हे अख्खं पात्र गेलं. शेवट बदलला, पिप मिस हॅविशमच्या बंद घराचे पडदे ओरबाडून काढतो आणि ऊन आत येतं. पुस्तकात असं नाही. तरी आत्या एकदाही ‘थांब’ म्हणत नाही, कारण डिकन्सला जिथे जायचं होतं तिथेच चित्रपट जातो. तेव्हा लीन अडतीस वर्षांचा होता. ज्या माणसाला काय कापावं हे इतकं कळत होतं, त्याने शहात्तराव्या वर्षी कादंबरीचा कळस उतरवून ठेवला. म्हणून तर बोलायचं.

त्याच्याही आधी तो संकलक होता. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरचा १९३८चा चित्रपट त्यानेच संकलित केलेला. वेंडी हिलरची एलायझा त्यात चहापानाला बसते आणि जपून, एकेक शब्द निवडून बोलते. तो प्रसंग आला की आत्या गप्प होते. लग्नाआधी ती पुण्यात एका नातेवाइकांकडे सहा महिने राहिली होती. तिच्या बोलण्यातले हिंदी हेल ऐकून तिथल्या मुली हसायच्या, तिला पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणायला लावायच्या. पु. ल. देशपांड्यांनी याच नाटकाची ‘ती फुलराणी’ केली, भक्ती बर्वेंनी ती गाजवली, सगळ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: काशी, इंदूर, बडोदा, तंजावरहून आलेल्या माणसाच्या मराठीला हसू नका. आत्याने वाचलेली मराठी पुस्तकं तुम्ही मोजून दाखवा, मग बोलू.

आता पेटीबद्दल. नदीकाठच्या घरात ओल भिंतीतून वर चढते. आमच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींच्या फितीवर एका पावसाळ्यात पांढरी बुरशी धरली आणि निम्मा संग्रह गेला. तेव्हापासून डिस्क पत्र्याच्या घट्ट पेटीत, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. पुसायच्या तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून कधीच नाही. हे सगळं कशाला, असं मला विचारतात. फोनवर सगळं मिळतं म्हणतात. मिळत नाही. आज दिसलेला जुना चित्रपट पुढच्या महिन्यात तिथे नसतो, आणि का गेला हे कुणी सांगत नाही. ओळखीच्या एका घराने गेल्या दिवाळीत पोतंभर डिस्क रद्दीवाल्याला दिल्या. मला आधी कळलं असतं तर मी हातगाडी घेऊन गेले असते.

मोठ्या संस्था जपतील या भरवशावर राहू नये. साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसीने आपल्याच कार्यक्रमांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कित्येक भाग त्यात गेले, ते आज चित्ररूपात कुठेच नाहीत. त्यांचा आवाज तेवढा उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो घरी भरून घेतला होता. घरातल्या माणसांनी वाचवलं. आमच्या पेटीत लीनशेजारी प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ही आहे, आणि त्याच्यावर मी डिकन्सइतकाच डोळा ठेवते.

त्या रात्री पावणेबाराला चित्रपट श्रीनगरला पोचला. बर्फ, पाणी, शिकारे. आत्या म्हणाली, "थांबव. पुढचं मी वाचते."

तिने तिसरा भाग उघडला. इंग्रजी ओळीवर बोट, तोंडात मराठी, एक वाक्य सोडून एक तिचं स्वतःचं. राजवाड्याचा चौक, मातीचं केलेलं गोकुळ, गर्दीत हरवलेली देवाची मूर्ती, अनवाणी गोडबोले. तुकोबांचं नाव आलं तेव्हा माझी मुलगी उठून बसली. खालच्या गल्लीतून कुणाच्या तरी टाळांचा आवाज आला, मग बिंदुमाधवाकडची घंटा. आत्याने पानात सुपारीच्या पुडीचा कागद घालून पुस्तक मिटलं आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.

सुंठवडा वाटून झोपेपर्यंत एक वाजला. पडद्यावरचे डोंगर तोवर आपोआप विझले होते. राहिलेला शेवट आम्ही अजून लावलेला नाही.