जॅकतज्ज्ञ व्हा, तेही हात काळे न करता

देऊळघाटात चारचाकी पंक्चर झाली की भोवती माणसं जमायला वेळ लागत नाही. टामी एकाच्या हातात, बाकीचे सगळे मार्गदर्शक. या मार्गदर्शकांत मानाची जागा हवी असेल, तर झटपट उचलणाऱ्या ट्रॉली जॅकचे हे धडे गिरवा.

१. सुरुवात पास्कलपासून करा. कोंडलेल्या तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे त्यानं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटीमीटर, मोठ्याचा ४. म्हणजे जोर १६ पट. श्रोते टिकलेच, तर १७९५ मध्ये दाबयंत्राचं पेटंट घेणारा जोसेफ ब्रामाही सोडा. एखादा विचारेलच, “मंग दांडा इतक्या खेपा कामून हानावा लागते?” मोठा दट्ट्या १ सेंटीमीटर चढायला लहान्याला १६ सेंटीमीटर पळावं लागतं, हे खरं उत्तर. ते देऊ नका. दिलंत की तुम्ही गणिताचे मास्तर, तज्ज्ञ नव्हे.

२. ‘झटपट’चं गुपित मात्र हळू आवाजात सांगा. आत दोन पंप असतात. जॅकवर वजन नसतं तेव्हा दोन्ही तेल ढकलतात आणि माथा एक-दोन हिसक्यांत चेसीसला टेकतो. वजन आलं, दाब वाढला, की एका पंपाचं तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परततं आणि दुसरा एकटाच गाडी वर नेतो, इंचाइंचानं. थोडक्यात, झटपट होतं ते गाडीपर्यंत पोचणं. गाडी उचलणं नव्हे. विकणारे असाल, तर हे पैसे मोजून घेतल्यावर सांगा.

३. जॅक थेट पैनगंगेकाठच्या काळ्या मातीत ठेवा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. गाडी तिथंच राहील, जॅक खाली जाईल. कुणी फळी घेऊन आलाच तर त्याला चहा सांगायला पिटाळा. माथा कमानीत वर चढतो, म्हणून जॅकची चाकं सरकायला हवीत. मातीत ती रुतली की माथा चेसीसवरून निसटतो. गर्दीला हा भाग फार आवडतो. हँडब्रेक, चाकामागं दगड, असले विषय काढून रंगाचा भंग करू नका.

४. नट ढिले न करताच चाक अधांतरी करा. मग पाना लावा. नटासकट चाक फिरेल. आता गाडी पुन्हा खाली घ्या.

५. खाली शिरायला दुसऱ्याला पाठवा. स्टँड मागितला तर दुखावल्यासारखं पाहा: “टनाटनाचा जॅक हाय, भरोसा नाई का?” जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, आणि सगळी भिस्त रबराच्या एका सीलवर, हे त्या बिचाऱ्याला आत गेल्यावर कशाला सांगायचं? आपण मात्र चार पावलं लांब उभे राहा.

६. तेल कमी वाटलं तर ब्रेक ऑइल ओता. सील फुगेल, जॅक गळेल, गाडी हळूहळू बसेल. तेव्हा मान हलवून म्हणा, “आता पयल्यासारखे जॅक कुठी राह्यले भाऊ!”