डिकीतल्या ढोलाच्या मालकांना अनावृत पत्र

प्रति,
रात्री अकराला आर्वी नाक्यावरून जाणाऱ्या पांढऱ्या गाडीचे मालक,
मुक्काम बहुधा गाडीतच, वर्धा.

स. न. वि. वि.

भाऊसाहेब, आपलं दर्शन कधी घडलं नाही, श्रवण मात्र रोज घडतं. तुम्ही बजाज चौकात असता तेव्हाच आमच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना खुणावू लागतात. नाक्यावर पोचता तोवर खिडकीची काच तालात येते. दोन वर्षं झाली, पण गाणं कोणतं ते अजून कळलेलं नाही. गायकापेक्षा तुमची नंबरप्लेट जास्त सुरात आहे.

कायद्याचं मी काढत नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. पण नियम वाचायला शांतता लागते, ती तुम्ही कुठून आणणार!

माझं दुःख वेगळं आहे. हयात रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात गेली. आवाज मोठा असल्याचं मला काही वाटत नाही, तो फाटका आहे याचं वाटतं. तुमच्या अ‍ॅम्पवरचा ‘गेन’ लिहिलेला बारका पेच कोण्या पोट्ट्याने शेवटापर्यंत पिळून दिलाय, हे मी गच्चीवरून सांगतो. आवाज वाढवायला डेकवर नॉब आहे, भाऊ. डेककडून जेवढे व्होल्ट येतात, नेमक्या तेवढ्यावर अ‍ॅम्पची पूर्ण ताकद लागावी, एवढं जुळवून देण्यापुरता हा पेच असतो. बाजूला ६ पासून ०.२ पर्यंत उलटे आकडे छापलेले असतात ते याचसाठी. समजा तुमचा डेक २ व्होल्ट देतो आणि पेच ०.२ वर आहे. मग दहाव्या हिश्श्यातच अ‍ॅम्पचा दम संपला. त्यापुढे तुम्ही जे वाढवता ते म्हणजे गच्च भरलेली कापसाची बंडी ठेंगण्या फाटकातून काढणं. वरचा कापूस घासून खाली पडतो, बंडी सपाट होऊन बाहेर येते. ध्वनीच्या लाटेचे शेंडे असेच कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद कॉइलमध्ये ओतते, आणि त्या ताकदीची बहुतेक उष्णताच होते. मागच्या मे महिन्यात आठवडाभर आमचे पेले गप्प होते. मी बायकोला म्हटलं, गेली बाप्पा कॉइल!

आता तुम्ही म्हणाल, गेन लावायला ऑसिलोस्कोप लागतो, तो वर्ध्यात कुठे मिळणार? अहो, इथून आठ किलोमीटरवर माती-बांबूच्या कुटीत बसून स्वातंत्र्याच्या लढ्याचा कारभार चालला. तुमच्या डिकीचा एका पेचकसावर आणि मोटारपंप तपासायच्या साध्या मल्टिमीटरवर चालेल.

आधी खोक्यावरचे ‘४००० वॉट’ विसरा. फ्यूज बघा, फ्यूज खोटं बोलत नाही. ३० अँपिअरचा एकच असेल, तर गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरून आत जातात ४२० वॉट. त्यातलेही काही उष्णतेत जाणार. म्हणजे चांगल्या अ‍ॅम्पमधून सलग ३०० निघाले तरी पेढे वाटा. वूफर ४ ओहमचा असेल तर ३०० गुणिले ४, बाराशे. त्याचं वर्गमूळ साधारण ३४.६. एवढे व्होल्ट अ‍ॅम्पच्या तोंडाशी हवेत, जास्त नकोत.

वूफरच्या तारा सोडवा. बास बूस्ट, लाउडनेस, सगळी सजावट बंद. गेन पार खाली. डेक ४० पर्यंत जात असेल तर ३० वर ठेवा, कारण अगदी वरच्या टोकाला पुष्कळ डेक स्वतःच फाटतात. ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर, आणि पेच हळूहळू फिरवत ३४ ला थांबा. पुन्हा सांगतो, थांबा. हा शब्द तुम्हाला नवा असेल. मग अ‍ॅम्प बंद करून तारा जोडा, आणि पुढे डेक ३० च्या वर नेऊ नका.

दारातल्या स्पीकरना मीटरचीही गरज नाही. ओळखीचं, स्वच्छ गाणं लावायचं, आवाज फाटेपर्यंत गेन वाढवायचा आणि तिथून थोडा मागे घ्यायचा. झालं. वूफरचं फाटणं मात्र कानाला उशिरा कळतं, म्हणून तिथे मीटर बरा. आणि खरी अडचण अशी की कानाने लावायचं तर कान शाबूत हवेत. तुमच्याबद्दल मला शंका आहे. माझे आहेत. दोन वर्षं तुमच्याच चाकरीत आहेत, पगार न घेता.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन या. मीटर माझा, चहा माझा. टोन पेन ड्राइव्हवर तुम्ही आणा. सोमवार नको, सेवाग्रामचे म्हातारे त्या दिवशी मौन पाळायचे, निदान तेवढी लाज राखू. आणि येताना त्या गाण्याचं नाव तेवढं सांगा.

आपला,
तिसऱ्या माळ्यावरचा नियमित श्रोता

ता. क. खाली येऊन बेल वाजवू नका. आलात की पेले सांगतील.