सोडलं म्हणे, कायमचं!

ऐकलंत का? चांगल्या घरातली, शिकलीसवरलेली माणसं हल्ली सोशल मीडिया सोडायला लागली आहेत. तेही गुपचूप नाही, चारचौघांत! ठरलेलं लग्न मोडलं तर लोक सहा महिने तोंडातून ब्र काढत नाहीत, पण इन्स्टाग्राम सोडलं की तासाभरात साऱ्या गोतावळ्याला कळवतात.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई. ऑर्कुट सोडून सगळे फेसबुकवर गेलो, तेव्हा कोणी कोणाला सांगितलं होतं? स्क्रॅपबुकं तशीच उघडी टाकून निघालो. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने कुलूप घातलं, तेव्हा कित्येकांना कळलं की अरेच्चा, ते अजून चालूच होतं!

आता मात्र निघण्याआधी निरोपाचा लेख लागतो. ‘बरेच दिवस मनात होतं’ अशी सुरुवात, मध्ये ‘स्वतःसाठी वेळ’, शेवटी ‘ज्यांना खरंच बोलायचंय त्यांच्याकडे माझा नंबर आहे’. सोबत समुद्राकडे तोंड करून काढलेला पाठमोरा फोटो. (फोटो काढणारा कोण, हे लेखात नसतं. आम्ही चौकशी करतो आहोत.) मग खाली रडारड सुरू होते, ‘दादा, तुम्ही गेलात तर इथे उरलं काय?’ आणि दादा प्रत्येकाला हात जोडून उत्तर देत बसतात. ‘येतो हं’ म्हणून उठलेला पाहुणा चपला घालून दारात अर्धा तास बोलत उभा राहावा, तसं.

आणि गंमत सांगू? खातं गेलं की त्याबरोबर तो लेखही जातो, खालची रडारडही जाते. म्हणजे लगेच निघून कसं चालेल? सगळ्यांचं वाचून होईपर्यंत थांबणं आलंच. काही जण तर अजून थांबलेत.

जे बटण दाबतात त्यांचीही कथा ऐका. फेसबुक ३० दिवसांची मुदत देतं. तेवढ्यात पुन्हा लॉगिन करून ‘रद्द’ म्हटलं की संन्यास संपला. इन्स्टाग्रामचंही तेच. आणि नुसतं डिअ‍ॅक्टिव्हेट केलं असेल तर मेसेंजर चालूच राहतो, म्हणजे पुढचं दार लावून मागच्या दाराने गप्पा! एकोणतिसाव्या दिवशी ‘फक्त जुने फोटो उतरवून घ्यायला आलो होतो’ म्हणणारे किती निघतील, ते मोजायला हवं.

बरं, मोठ्यांचं काही वेगळं आहे का? आमिर खानने १४ मार्च २०२१ ला वाढदिवसाच्या शुभेच्छा घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ही शेवटची पोस्ट म्हणून मोकळा झाला. पुढच्या बातम्या कुठल्या हँडलवर मिळतील, तो पत्ता मात्र न विसरता दिला. त्याच्या आदल्या वर्षी, २ मार्चच्या संध्याकाळी, पंतप्रधानांनी येत्या रविवारी खाती सोडायचा विचार असल्याचं ट्विट केलं. देशाने रात्र तर्क करण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी कळलं की महिला दिनी ती खाती महिलांच्या हाती द्यायची होती. आणि तो ब्रायन अ‍ॅक्टन! व्हॉट्सअ‍ॅप उभं करणाऱ्या दोघांपैकी एक. २०१४ मध्ये ते फेसबुकला विकलं, पैसे घेतले, आणि मार्च २०१८ मध्ये जगाला सांगितलं, फेसबुक डिलीट करा. कुठे सांगितलं? ट्विटरवर!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात तर भलताच प्रकार. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की गावातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. साडेआठला परत चालू. ना कुणाचा निरोपाचा लेख, ना पाठमोरा फोटो. पोरं म्हणे अभ्यास करतात! असं कुठे सोडतात का? कोणाला चुटपुट नाही, कोणाची चर्चा नाही. आमच्यासारख्यांनी बोलायचं तरी कशावर?

शहरातल्या त्यागाला निदान नियम आहेत. पहिला आणि एकमेव नियम, व्हॉट्सअ‍ॅप मोजायचं नाही. ‘ते काय सोशल मीडिया आहे का? तो फोन आहे!’ शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, माहेरचा, सासरचा, ट्रेकचा, आणि ट्रेकवाल्यांतल्या चौघांचा वेगळा. स्टेटस दिवसाला पाच. यूट्यूब तर शिकण्यासाठी असतं, आणि लिंक्डइन पोटासाठी.

परवा अशाच एका ताज्या संन्याशाचा सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. ‘मी तर आता तिथे नाही. पण मी गेल्यावर आपल्या बॅचच्या पेजवर कोणी काही लिहिलंय का? सहज विचारतोय. असेल तर स्क्रीनशॉट टाक.’

टाकले. सगळे नाही, दोन मुद्दाम मागे ठेवलेत.