वडिलांच्या रकान्यात काय लिहावे?

विद्यापीठीय विद्यार्थ्यांना स्वतःचा धंदा का काढावासा वाटतो, हे शोधणाऱ्या प्रश्नावल्यांत ‘उद्योजकीय मानस’, म्हणजे धंदा काढण्याचा इरादा, मोजला जातो आणि तो धंद्याविषयीचा कल, घरच्यादारच्यांचे मत व आपल्याला जमेल ही खात्री अशा तीन खांबांवर उभा केला जातो. त्यानंतर एक निरुपद्रवी रकाना येतो : ‘कुटुंबात कोणी उद्योजक आहे काय?’ देवळाली प्रवरा येथील विद्यार्थी तेथे ‘नाही’वर खूण करतो, कारण त्याचे वडील शेती करतात.

हे वडील कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहत आडसाली ऊस लावतात, जो तुटायला 16 ते 18 महिने घेतो. खत उधारीवर आणतात, सोसायटीचे कर्ज उचलतात आणि मजुरी रोख मोजतात. दोन्ही वेळा दूध घालतात, ज्याचा दर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ, पाहून दुसराच कोणी लावतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत मिळायचे असतात. ते चौदा दिवस कोणत्या पंचांगातले, हे आदेशात नाही. कांदा काढावा तर डिसेंबर 2023 सारखी निर्यातबंदी एका रात्रीत येते. ठरल्या भावाने घेऊन न ठरल्या भावाने विकणारा तो उद्योजक, असे अर्थशास्त्राने अठराव्या शतकातच सांगितले आणि शेतकऱ्याला त्यात धरलेही. रकान्यात मात्र ‘नाही’, कारण वडिलांपाशी व्हिजिटिंग कार्ड नाही आणि पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदाराला पडद्यावर दाखवायची स्वप्ने, त्याहून नाहीत.

मग निष्कर्ष निघतो की ग्रामीण विद्यार्थ्यांत जोखीम पत्करण्याची वृत्ती कमी आहे. ही शुद्ध लबाडी आहे. ज्या मुलाने जोखीम जन्मापासून ताटात पाहिली, तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो, ते अज्ञानामुळे नव्हे, अनुभवामुळे; आणि ‘नोकरी बघ’ हे घरच्यांचे मत भित्रेपणाचे नसून तीन पिढ्यांच्या ताळेबंदाचे असते, ज्यात हल्ली मुलीकडच्यांनी विचारलेला ‘मुलगा नोकरीला आहे का?’ हा प्रश्नही जमा झाला आहे.

उपाय म्हणून त्याला जोखीम-जागृतीच्या कार्यशाळेला पाठवले जाते. तिचे शुल्क दुधाच्या पगारातून जाते आणि जोखमीवर बोलणाऱ्या पाहुण्यांचे मानधन मात्र, त्या घरच्या कोणत्याही मालाला कधी लाभले नाही अशा रीतीने, आधीच ठरलेले असते.